रॉ फाइल एडिटिंगला घेण्यापूर्वी

नाशिकजवळच्या गंगापूर धरणावरची पहाट असो की पावसाळ्यातला अंजनेरीचा डोंगर, उजेड-रंग बदलणारे स्लायडर ओढण्याआधी रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला फोटो) स्वच्छ करून घ्या. कार्डावरच्या फाइल्स दोन ठिकाणी कॉपी झाल्या, उघडून पाहिल्या, मगच कार्ड फॉरमॅट करायचं.

लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी प्रोफाइल, म्हणजे रंग-कॉन्ट्रास्टचा मूळ साचा, निवडा. ते नंतर बदललं तर रंग आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही हलतात आणि केलेलं काम पुन्हा करावं लागतं. मग लेन्स प्रोफाइल (लेन्सचा वाकडेपणा सुधारणारी सेटिंग) आणि क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन (लेन्समुळे कडांवर उमटणारी रंगीत किनार) काढणं, या दोन्ही पर्यायांवर खूण करा. ब्रह्मगिरीच्या कड्याची काळी धार उजळ आभाळाला भिडते, तिथे १०० टक्के झूम करून पाहा. जांभळी-हिरवी किनार उरली असेल तर डीफ्रिंज वापरा. क्षितिज सरळ करायचं ते लेन्स करेक्शननंतरच, कारण वाइड लेन्सने वाकवलेली पाण्याची रेषा आधी सरळ करताच येत नाही.

सर्वांत जास्त वेळ सेन्सरवरच्या धुळीला द्या. लेन्सचं छिद्र मोठं असताना (एफ/४) न दिसणारे डाग ते लहान केल्यावर (एफ/१६) आभाळात स्पष्ट उमटतात आणि धूसरपणा घालवणारं डीहेझ वाढवलं की आणखी गडद होतात. हील टूलमधलं 'व्हिज्युअलाइझ स्पॉट्स' चालू करा, म्हणजे ते काळ्या पडद्यावर पांढऱ्या वर्तुळांसारखे उठून दिसतात. लागोपाठच्या फ्रेम्समध्ये धूळ त्याच जागी असते, त्यामुळे एका फोटोतली दुरुस्ती बाकीच्यांवर तशीच उतरवता (सिंक करता) येते. पण प्रत्येक फोटो तपासाच: एका फ्रेममध्ये डाग आभाळात असेल, तर पुढच्या फ्रेममध्ये तीच जागा डोंगराच्या कडेवर येते आणि सिंक केलेल्या दुरुस्तीने ती कडा तुटते.