पोरगं कामाला ठेवलंय? मालकांनो, या चुका टाळा

"त्याच्या आईनंच आणून सोडलं, साहेब." धाड पडली की गल्ल्यावरून हमखास येणारं हे उत्तर. पण आईबापाची संमती हा मालकाचा बचाव होत नाही. उलट, पोर आपण कामाला ठेवलं याची कबुलीच त्यात मिळते.

बालकामगार कायद्यातल्या 2016च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामाला ठेवता येत नाही, घरकामालासुद्धा नाही. शिक्षा 6 महिने ते 2 वर्षं कैद, किंवा 20 ते 50 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. दुसऱ्यांदा सापडलात तर 1 ते 3 वर्षं कैद; तिथे नुसत्या दंडावर सुटका नाही.

"भावकीतला आहे" हेही चालत नाही. सवलत फक्त मुलाचे आईवडील, भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी यांच्यापुरती. तीही कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या धंद्यात, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, हातभार लावण्यापुरती.

वयाबाबत तर सर्रास हयगय होते. "सोळाचा असेल" हा अंदाज झाला, पुरावा नव्हे. आधी जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला बघा. मुलगा खरोखर 14 ते 18 मधला असला तरी खाणी, फटाके, ज्वालाग्राही पदार्थ अशा धोक्याच्या कामांना बंदीच आहे आणि शिक्षाही वर सांगितलेलीच. बाकी कामांत सलग 3 तासांनंतर तासभर विश्रांती, ती धरून दिवसाला 6 तास, आठवड्याची सुट्टी, आणि संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम बंद. रात्री अकराला ढाब्यावर ताटं घासणारा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणजे सरळसरळ कायदेभंग. हजेरीचं रजिस्टर नसेल तर महिनाभरापर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तडजोड होऊ शकते ती अशाच चुकांची. मूल कामाला ठेवल्याचा गुन्हा मालकाला तसा मिटवता येत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार उचलीचा. बापाला पैसे द्यायचे आणि ते फिटेपर्यंत पोराला राबवायचं, पगार हातात द्यायचाच नाही. इथे बाल न्याय कायद्याचं कलम 79 लागतं: 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपये दंड, आणि हे 18 वर्षांखालच्या प्रत्येकासाठी. वेठबिगारीचा गुन्हा त्यात वेगळा जोडला जाऊ शकतो.

मूल आत्ता कामावर असेल तर कारवाईच्या भीतीनं त्याला रात्रीतून हाकलू नका. ते दुसऱ्या दुकानात जाईल, नाहीतर स्टेशनवर. काम आजच थांबवा, आजवरचा पगार पूर्ण चुकता करा आणि 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करून त्याला बालकल्याण समितीपर्यंत पोचवा.