पट्टी पकडा, मेंदूचा वेळ मोजा

डोळ्यांना दिसल्यापासून बोटं हलेपर्यंत किती वेळ जातो, हे 30 सें.मी.च्या पट्टीने घरीच मोजता येतं. मोबाईलवर मोजू नका, कारण पडद्याचा स्वतःचा उशीर त्यात मिसळतो.

मनगट टेबलाच्या कडेवर टेकवा. अंगठा आणि तर्जनीत 2 सें.मी. फट ठेवा. जोडीदाराने पट्टी वरून उभी धरावी, शून्य तुमच्या अंगठ्याच्या वरच्या कडेशी. 'एक, दोन, तीन' म्हणून सोडू नये. 1 ते 5 सेकंदांत कधीही सोडावी. पकडल्यावर त्याच कडेवरचा आकडा वाचा, 490 ने भागा आणि वर्गमूळ काढा: उत्तर सेकंदांत. 20 सें.मी. म्हणजे साधारण 0.20 सेकंद. सुरुवातीचे तीन प्रयत्न सरावाचे. मग अकरा नोंदवा, चढत्या क्रमाने लावा, सहावा आकडा घ्या. 5 सें.मी.च्या आत पकडली तर तो अंदाज होता. खोडून पुन्हा करा.

आता हा वेळ जातो कुठे? हाताच्या चेतातंतूंतून आदेश सेकंदाला 50-60 मीटर वेगाने धावतो, म्हणजे मेंदूपासून बोटांपर्यंत जेमतेम 0.02 सेकंद. बाकी बहुतेक उशीर डोळ्यांत आणि मेंदूतच होतो. दृष्टिपटलात प्रकाशाचं विद्युत संकेतात रूपांतर रासायनिक क्रियेने होतं आणि ती सावकाश चालते. तिथून संकेत थॅलॅमस या मेंदूच्या मधोमध असलेल्या भागामार्गे मेंदूच्या मागच्या भागात, मग निर्णय, मग हालचालीचा आदेश. कानातल्या केसपेशींची, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशींची, दारं थेट कंपनाने उघडतात, म्हणून आवाजाला आपण दिसण्यापेक्षा लवकर प्रतिसाद देतो. गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो तो सगळ्यांत झटपट, कारण तो निर्णय पाठीच्या कण्यातच होतो. मेंदूला नंतर कळतं.

इंदूरकरांसाठी खरा प्रयोग सराफ्याचा, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजाराचा. मध्यरात्रीनंतर घरी आलात आणि चार तासच झोपलात, की सकाळी मोजा. मग पूर्ण झोपेनंतर, त्याच वेळी, त्याच हाताने. मधला आकडा कदाचित फार हलणार नाही. निसटलेल्या पट्ट्या मोजा! झोप कमी पडलेला मेंदू नुसता सतत थोडा मंद नसतो, तो मधेच क्षणभर लक्ष सोडतो. निसटलेली पट्टी यादीत शेवटी लिहा, वगळू नका. वगळलीत तर झोपेचा परिणामच पुसला जाईल. दोन्ही दिवशी पोहे चालतील, चहा मात्र मोजणीनंतर, कारण कॅफिनने ही ढिलाई झाकली जाते.