पोरीच्या शिंका आणि गादीतले किडे

कोल्हापुरात पाऊस लागला की घर ओल धरतं आणि पोरीच्या शिंका सुरू होतात. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, धुळीतल्या किड्यांची अ‍ॅलर्जी. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. त्रास मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा. म्हणून नुसतं ऊन दाखवून भागत नाही, धुवावंच लागतं. चादरी, अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात टाकते. आजीची वाकळ भिजली की दोघींना उचलत नाही, पावसात वाळतही नाही. ती उन्हाळ्यातच धुऊन ट्रंकेत ठेवली. कापसाच्या गादीला घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घातली. हा खर्च मात्र टाळू नका! केर काढण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसते. पोरगी आता रात्रभर नीट झोपते. नाकातला स्प्रे डॉक्टर सांगतील तोवर चालूच.