‘टीएसएच नॉर्मल आहे’ ऐकून घरी परतू नका: मुलांच्या पिट्युटरीबाबत या चुका टाळा

लेक पावणेचार वर्षांची असताना गेल्या दिवाळीचा फ्रॉक यंदाही तिला मापात बसला. सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं, खर्च वाचला.” कोथरूडच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या दोन खुणा आहेत. वर्षभराचं अंतर, जेमतेम तीन सेंटिमीटर. या वयात सहा-सात तरी हवेत. ‘आमच्याकडे सगळे बुटकेच’ म्हणत आम्ही आणखी चार महिने घालवले. शेवटी निघाली ती पिट्युटरीची कमतरता: मेंदूखालची ही छोटी ग्रंथी वाढीचे आणि बाकी ग्रंथींना हुकूम देणारे हार्मोन्स पुरेसे बनवत नव्हती.

खरं तर या आजाराची लक्षणं जन्मापासून होती. वजन छान, पण दुसऱ्याच दिवशी साखर घसरली. कावीळ महिना उलटला तरी जाईना, आणि आम्ही तिला कोवळ्या उन्हात धरून बसलो! (मुलग्यांत शिश्न फारच लहान असणं हेही एक लक्षण.)

सगळ्यांत महाग पडते ती टीएसएचची चूक. टीएसएच म्हणजे पिट्युटरीने थायरॉईडला धाडलेला हुकूम. थायरॉईडला हुकूम सोडणारी पिट्युटरीच मंद असेल तर टीएसएच बिनदिक्कत नॉर्मल येतं. नवजात बाळाच्या टाचेच्या रक्तात फक्त टीएसएच बघितलं असेल तर असं बाळ निसटतं. फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, सोबत तपासायला हवंच. ते कमी आलं म्हणून लगेच थायरॉक्सिनची (थायरॉईडच्या हार्मोनची) गोळीही नको, आधी कॉर्टिसॉल, म्हणजे आजारपणाच्या ताणात शरीराला सावरणारं हार्मोन, तपासा. कॉर्टिसॉल कमी असताना थायरॉक्सिन सुरू केलं तर मूल कोसळू शकतं. आम्हाला एका दवाखान्यात गोळी आधीच लिहून दिली होती. दुसरं मत घ्यायला गेलो म्हणून वाचलो.

“दोन्ही घरांत कुणाला नाही, मग आनुवंशिक कसं?” हा प्रश्न मीही विचारला. बऱ्याच प्रकारांत आई-वडील दोघं सदोष जनुकाची एकेक प्रत बाळगणारे, पण स्वतः ठणठणीत वाहक असतात, आणि प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची 25 टक्के शक्यता राहते. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत अशा दोन वाहकांची जोडी जुळणं सोपं. पिट्युटरीच्या घडणीतल्या प्रॉप-वन नावाच्या जनुकात दोष असेल तर हार्मोन्स एकेक करून कमी होतात, कॉर्टिसॉल कधी कधी कित्येक वर्षांनी. त्यामुळे आजचा चांगला रिपोर्ट कपाटात टाकून विसरायचा नसतो.

आमच्या जनुक चाचणीत काहीच सापडलं नाही. नवरा म्हणाला, “म्हणजे काही नाहीच ना?” तसं नसतं. पुष्कळ मुलांत जनुक सापडतच नाही, कमतरता मात्र खरी असते, औषधंही चालूच राहतात.

आता तिच्या बालवाडीच्या दप्तरात प्लॅस्टिकच्या पाकिटात डॉक्टरांची चिठ्ठी असते: ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोनचा (कॉर्टिसॉलच्या जागी दिल्या जाणाऱ्या औषधाचा) डोस वाढवा, उलटीत गोळी टिकली नाही तर थेट इंजेक्शन द्या, आणि आईला नंतर फोन करा.