ताण उतरवण्यासाठी ताय ची : सुरुवात पायांपासून

दिवसभर संगणकासमोर बसून काम करणाऱ्या माणसाला संध्याकाळी कोणी ‘डोळे मिटून दहा मिनिटे शांत बसा’ असे सांगितले, तर बहुधा त्या दहा मिनिटांत उरलेली कामे, साहेबांचे शेवटचे वाक्य आणि गॅसवर ठेवलेले दूध एवढेच त्याच्या मनात फिरत राहते. मी स्वतः दोन वर्षे असा बसत होतो आणि उठताना बसण्याआधीपेक्षा जास्त चिडलेला असे. ध्यानात काही खोट आहे असे मला म्हणायचे नाही. परंतु ज्याचे मन मोकळे सोडले की उधळते, त्याने त्याला आधी एखादे साधे, संथ आणि सतत लक्ष मागणारे काम द्यावे, हा मार्ग मला अधिक सोपा वाटला. ताय ची हे तसे काम आहे. ते डोळे उघडे ठेवून, उभ्याने करायचे असते आणि त्यात मनाला जे सांभाळायचे असते ते म्हणजे शरीराचा भार या क्षणी कोणत्या पायावर आहे, एवढेच.

आधी नावाविषयी थोडे. मराठीत ‘ताईची’ असे सलग लिहिले तर वाचणारा ‘ताईची काय?’ असे विचारील, म्हणून येथे ‘ताय ची’ असे लिहिले आहे. चिनी भाषेतील पूर्ण नाव ताइजीच्युआन असे असून ‘ताइजी’ म्हणजे ज्यातून यिन आणि यांग ही परस्परविरोधी पण एकमेकांना पूरक अशी दोन अंगे निघतात ते परमतत्त्व, तर ‘च्युआन’ म्हणजे मूठ, अर्थात मुष्टियुद्ध. प्राणशक्तीला चिनीत ‘ची’ म्हणतात खरे, पण या नावातील ‘ची’ हा तो शब्द नव्हे. हेनान प्रांतातील चेनजियागोउ या गावी चेन घराण्यात १७ व्या शतकात ही युद्धकला आकाराला आली, १९ व्या शतकात यांग लुचान यांनी ती तेथे शिकून बीजिंगला नेली आणि त्यांचे नातू यांग चेंगफू यांनी तिला आज उद्यानांत दिसणारे संथ, ऐसपैस रूप दिले. पुढे १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने सर्वसामान्यांसाठी २४ हालचालींचा संच तयार करवला, जो पाच-सहा मिनिटांत पुरा होतो. २०२० मध्ये युनेस्कोने ताइजीच्युआनचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. ‘रानघोड्याची आयाळ दुभागणे’, ‘पांढरा करकोचा पंख पसरतो’, ‘चिमणीची शेपटी धरणे’ अशी त्या हालचालींची नावे आहेत. नावे कोवळी असली तरी प्रत्येकीच्या पोटात एखादा वार किंवा बचाव दडलेला आहे.

नवशिक्याची पहिली चूक अशी की तो थेट या २४ हालचाली पाठ करायला बसतो. मग मन पुन्हा ‘आता पुढे काय?’ याच काळजीत अडकते आणि ताण उतरण्याऐवजी परीक्षेची तयारी चालल्यासारखे वाटू लागते. पहिले दोन महिने पुढे दिलेल्या चार गोष्टींपलीकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शरीरात काय घडते

ताणाच्या वेळी शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीत येते. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, खांदे कानांकडे चढतात, दातावर दात बसतात आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो. समोर वाघ असता तर ही तयारी धावण्यात खर्ची पडली असती. समोर ईमेल असल्यामुळे माणूस खुर्चीतच बसून राहतो आणि तयारी अंगात मुरते. संथ हालचालीत उच्छ्वास आपोआप लांबतो. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस या मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीराला धोका टळल्याचा निरोप मिळतो. त्याच वेळी लक्ष तळपायांवर असल्याने डोक्यातल्या चक्राला खाद्य कमी पडते. फायद्याविषयी अतिशयोक्ती मात्र करू नये. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरील अभ्यासात आठवड्यातून दोनदा २४ आठवडे ताय ची केल्याने तोल सुधारल्याचे चांगले दिसून आले. मानसिक ताणाबाबतचे निष्कर्षही अनुकूल आहेत, परंतु त्यांतील बरेच अभ्यास लहान आहेत.

जागा, वेळ, कपडे

दोन पावले पुढे आणि दोन पावले बाजूला जाता येईल एवढी सपाट जागा पुरते. दिवाणखान्यातील टीपॉय भिंतीला लावले तरी काम भागते. गच्ची उत्तम, पण उन्हाळ्यात संध्याकाळी सातपर्यंत फरशी तापलेली असते, हे लक्षात ठेवावे. अनवाणी किंवा पातळ, सपाट तळाचे बूट घालून करावे. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून कधीही करू नये. कंबरेला काचणार नाही असा कोणताही ढगळ कपडा चालतो. जेवणानंतर किमान दीड तास जाऊ द्यावा. चीनमध्ये हा प्रकार पहाटे उद्यानांत चालतो. पण ज्याला ताणासाठी तो हवा आहे त्याने कामावरून आल्यावर, हातपाय धुऊन, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून करावा, असे मी सुचवीन. ऑफिस आणि घर यांच्यामध्ये एक उंबरठा असावा लागतो आणि तो हल्ली कुठेच उरलेला नाही.

पहिली गोष्ट : उभे राहणे

पावलांमधले अंतर खांद्यांच्या रुंदीइतके ठेवावे आणि बोटे समोर असावीत. गुडघे मागे ताणून कडक न करता किंचित सैल सोडावेत, माकडहाड जमिनीकडे लोंबते आहे असे समजून कंबरेचा बाक थोडा मोकळा करावा आणि शेंडीच्या जागी दोरा बांधून कोणी हलकेच वर धरले आहे अशी मान ठेवावी. हनुवटी मग आपोआप जराशी आत जाते. जिभेचे टोक टाळूला टेकलेले आणि जबडा सुटलेला असावा. खुंटीला टांगलेल्या सदऱ्याच्या बाह्या जशा लोंबतात तसे हात लोंबू द्यावेत आणि काखेत लिंबू मावेल एवढी पोकळी ठेवावी. नजर समोर, पण कशावरही न रोखलेली असावी.

असे तीन मिनिटे उभे राहायचे. ऐकायला हे फारच किरकोळ वाटते, परंतु पहिल्याच मिनिटात लक्षात येते की डावा खांदा उजव्यापेक्षा वर आहे, भार टाचांऐवजी चवड्यांवर आहे आणि पोट आवळून धरलेले आहे. यांपैकी काहीही जोर लावून दुरुस्त करू नये. जिथे घट्टपणा जाणवेल तिथे उच्छ्वासाबरोबर थोडे सोडावे. चिनी शिक्षक यासाठी ‘सुंग’ हा शब्द वापरतात. तो गळाठ्याचा सैलपणा नव्हे. नको तेवढा जोर काढून घेतल्यावरही जे उभे राहते ते सुंग.

दुसरी : हात उचलणे आणि खाली आणणे

याच स्थितीतून दोन्ही हात समोर, खांद्यांच्या उंचीपर्यंत वर येऊ द्यावेत. वर येताना मनगट पुढे असते आणि बोटे मागून ओढली जातात. खाली येताना कोपर आधी जड होतो, मग मनगट, मग तळवा. हात उतरताना गुडघे दोन-तीन बोटे वाकतात आणि वर येताना पुन्हा जवळजवळ सरळ होतात. छातीभर पाण्यात उभे असून पाण्यानेच हात वर उचलले आहेत असे मानले की वेग बरोबर जमतो. आठ वेळा करायला साधारण दोन ते तीन मिनिटे लागली पाहिजेत. एका मिनिटात आटोपले तर घाई झाली.

श्वास कधी घ्यायचा, हा प्रश्न सर्वांना पडतो. पहिले पंधरा दिवस त्याच्याकडे लक्षच देऊ नये, नाकाने जसा येतो तसा येऊ द्यावा. पुढे हात वर जाताना आत आणि खाली येताना बाहेर, असे तो आपसूक जुळतो. श्वास ओढूनताणून लांबवला तर चक्कर येते आणि छाती पुन्हा कडक होते.

तिसरी : भार बदलणे

सगळे ताय ची येथे आहे, म्हणून येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. एका घागरीतले पाणी दुसरीत न सांडता ओतावे तसा शरीराचा सगळा भार हळूहळू डाव्या पायात उतरवायचा. डावा पाय आता ‘भरलेला’ आणि उजवा ‘रिकामा’ झाला. खरोखर रिकामा झाला की नाही याची कसोटी सोपी आहे: डोके, खांदा किंवा कंबर न हलवता उजवे पाऊल कागदाच्या जाडीइतके उचलता आले पाहिजे. उचलताना शरीराला एवढासा झोका जरी बसला, तरी उजव्यात पाणी शिल्लक होते असे समजावे. मला ही कसोटी उतरायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत, बसून जे दोन वर्षांत जमले नव्हते ते जमले, कारण पाऊल सुटते तो क्षण टिपण्याच्या नादात मी बाकी सगळे विसरत होतो.

हे जमल्यावर पुढे पाऊल टाकावे. डाव्या पायावर उभे राहून उजवी टाच पुढे नुसती टेकवायची, तिच्यावर भार द्यायचा नाही. मनात आले तर ते पाऊल तसेच मागे घेता आले पाहिजे. मग तळवा टेकवायचा आणि त्यानंतरच भार पुढे सरकवायचा, अंदाजे सत्तर टक्के पुढे आणि तीस टक्के मागे राहील एवढा. जुने चिनी गुरू याला मांजराची चाल म्हणत. दोन्ही पावले एका रेषेत आली तर ती तारेवरची कसरत होते, म्हणून ती रेल्वेच्या दोन रुळांवर असल्यासारखी वेगवेगळ्या रेषांत ठेवावीत. मागचे पाऊल साधारण ४५ अंश बाहेर वळलेले असावे. पुढचा गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकला पाहिजे आणि बोटांच्या पुढे जाता कामा नये.

गुडघ्याचे हे सांगणे मी अनुभवाने करतो आहे. सुरुवातीला व्हिडिओ पाहून मी भार असलेल्या पायावरच झटकन वळत असे. पाऊल फरशीला चिकटलेले आणि वरचे शरीर फिरलेले, असा पीळ गुडघ्याला रोज बसत होता. परिणामी तीन आठवडे जिना उतरताना कठडा धरावा लागला. पाऊल वळवायचे असेल तर आधी त्यावरचा भार काढून घ्यावा आणि मगच टाचेवर वळवावे.

चौथी : ढगांसारखे हात

पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेवून जागेवरच करावे. भार डावीकडे सरकू लागतो तेव्हा डावा हात हनुवटीच्या उंचीवर, तळवा चेहऱ्याकडे. उजवा हात बेंबीच्या पातळीवर. आणि दोन्ही कंबरेबरोबर डावीकडे जातात. डाव्या टोकाला वरचा तळवा बाहेर वळून खाली उतरतो, खालचा हात वर येतो आणि भार उजवीकडे परतू लागतो. हात आपणहून काही करत नाहीत. दार फिरले की त्याच्या कडीला अडकवलेली पिशवी जशी सोबत जाते, तसे ते धडाबरोबर जातात. दोन्ही गुडघे समोरच राहतात आणि कंबर सुमारे ४५ अंशांपलीकडे वळवायची गरज नसते. दहा-बारा फेऱ्या पुरेत. या हालचालीला सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे कळेनासे झाले की ती नीट चालली आहे असे समजावे.

संपवताना पाय जवळ घ्यावेत, हात बाजूला सोडावेत आणि एक मिनिट तसेच उभे राहावे. हे सगळे पंधरा-सतरा मिनिटांत होते. रोज पंधरा मिनिटे ही रविवारच्या दीड तासापेक्षा केव्हाही बरी. शक्ती आहे म्हणून खूप खाली बसत जाऊ नये. जितके वाकता येते त्याच्या दोन तृतीयांशच वाकावे. भार बदलण्याचा सराव मात्र बँकेच्या रांगेत किंवा लिफ्टची वाट पाहतानाही करता येतो आणि शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

ज्यांना चक्कर येते, ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, ज्यांच्या गुडघ्याचे किंवा मणक्याचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे किंवा ज्या गर्भवती आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि सुरुवातीला भिंतीजवळ किंवा खुर्चीची पाठ हाताशी ठेवून करावे. झोप अनेक आठवडे उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर ते काम ताय चीचे नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे आणि चालू असलेली औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

दोन महिन्यांनंतर २४ हालचालींचा संच शिकावासा वाटला तर शक्यतो माणसाकडून शिकावा, कारण आपला खांदा वर चढला आहे हे व्हिडिओ सांगत नाही. शिक्षक निवडताना तो विद्यार्थ्यांच्या हातांकडे बघतो की पायांकडे, हे एक दिवस बाजूला बसून पाहावे. शिक्षक मिळतच नसेल, तर पाठमोरे चित्रण असलेला व्हिडिओ निवडावा. समोरून घेतलेल्या चित्रणात त्यांचा डावा आपल्या उजवीकडे येतो आणि सगळे लक्ष ती अदलाबदल सोडवण्यातच जाते.