जुन्या कॅसेट प्लेअरचा पट्टा बदलताना
वडिलांचा खिशात मावणारा कॅसेट प्लेअर सुरू केल्यावर मोटरचा आवाज येत होता, परंतु कॅसेटची चाके फिरत नव्हती. त्यामुळे दोष मोटरमध्ये नसून तिची गती फ्लायव्हील या जड चाकापर्यंत पोहोचवणाऱ्या रबरी पट्ट्यात असावा, असे मी ताडले. झाकण उघडले तेव्हा मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिलेला तो पट्टा डांबरासारखा चिकट होऊन पुलीला लगडलेला दिसला. हा थर पूर्णपणे काढणे हेच या दुरुस्तीतील खरे काम आहे, कारण त्याचा अंशही उरला तर नवा पट्टा घसरतो आणि गाण्याचा सूर हेलकावतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस गुंडाळलेल्या काड्या वापरून मी पुली, हेड (फीत वाचणारा भाग) व कॅप्स्टन (फीत पुढे ओढणारी दांडी) स्वच्छ केले.

जुना पट्टा मोजण्याजोगा उरला नव्हता, म्हणून पुल्यांभोवती दोरा फिरवून घेर मोजला आणि इलेक्ट्रॉनिक सुटे भाग मिळणाऱ्या लॅमिंग्टन रोडवरून त्याहून किंचित लहान पट्टा आणला, म्हणजे तो ताणलेला राहतो. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकावी लागते. तेवढ्यासाठी तेच गाणे मोबाइलवर लावून, मोटरच्या छिद्रातील, तिचा वेग बदलणारा स्क्रू बारीक स्क्रूड्रायव्हरने अगदी हळू फिरवत मी दोन्ही सूर जुळवले.