टॉसच्या आधी बोलून घ्या: गावच्या क्रिकेटमध्ये नियमांच्या या चुका टाळा

हरभरा आणि दादर (रब्बी ज्वारी) निघाली की खानदेशात यावल-चोपड्यापासून शहाद्यापर्यंत गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात. मंडप, स्पीकर, कॉमेंट्री, रोख बक्षीस, सगळं चोख असतं. नियम मात्र कोणी लिहून काढत नाही. ज्या टीमची मॅच नसते तिचीच दोन पोरं अंपायर म्हणून उभी राहतात आणि सेमीफायनलला अवघड प्रसंग आला की सगळे त्यांच्याच अंगावर धावून जातात. मला त्या पोरांचं फार वाईट वाटतं. दोन्ही टीमनी नियम अर्धवट आणि वेगवेगळा ऐकलेला असतो, आणि निकाल त्यांनी द्यायचा असतो. क्रिकेटचे कायदे एमसीसी, म्हणजे लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब, ठरवतो. आपल्या स्पर्धेने वेगळं काही जाहीर केलं नसेल, तर तेच लागू धरावेत.

मैदानातलं झाड

बाउंड्रीच्या आत एखादा निंब उभा असतोच. फटका उंच जातो, चेंडू फांदीला लागून खाली येतो आणि फिल्डर झेलतो. बॅटिंगवाले लगेच ओरडतात, “झाडले लागना भो, आउट कसा व्हई?”

कायद्याने तो आउट आहे. बाउंड्रीच्या आतल्या अडथळ्याला लागलेला चेंडू जमिनीवर पडण्याआधी झेलला, तर कॅच धरला जातो. अपवाद एकच: ते झाड म्हणजे बाउंड्री, असं अंपायरनी टॉसच्या आधी ठरवलेलं असलं तर. म्हणजे खरी चूक झेलाच्या वेळी होत नाही, ती सकाळी चुना टाकतानाच झालेली असते. झाड, विजेचा खांब, मंडपाचा दोर, जे काही रेषेच्या आत आहे ते दोन्ही कॅप्टनना बोट दाखवून सांगा. बाउंड्री धरायची असेल तर लागल्यावर चार की सहा, तेही तेव्हाच ठरवा. बाहेरच्या झाडाची फांदी आत झुकली असेल तर तिचाही निकाल आधीच लावा.

कॅच अंपायरच्या अंगाला, दुसऱ्या फिल्डरला किंवा नॉनस्ट्रायकरला लागून हातात आला तरी आउटच.

गाय किंवा कुत्रं मध्ये आलं तर भांडण नको. 2022 पासून कायदा स्पष्ट आहे: मैदानातल्या माणसामुळे, जनावरामुळे किंवा वस्तूमुळे एखाद्या बाजूचं नुकसान झालं, तर अंपायर डेड बॉल देतो, म्हणजे त्या चेंडूवरचा खेळ तिथेच थांबतो.

वाऱ्याने पडलेल्या बेल्स

मार्चनंतर दुपारचा वारा सुटला की बेल्स, म्हणजे स्टंपवरच्या गिल्ल्या, टिकत नाहीत. चेंडू खेळात असताना दोन्ही बेल्स उडून गेल्या आणि तेवढ्यात थ्रो आला, तर नुसता चेंडू स्टंपला टेकवून रनआउट होत नाही. स्टंप जमिनीतून उपटला पाहिजे, आणि तोही चेंडू ज्या हातात आहे त्याच हाताने. इथे कीपर हमखास फसतो. चेंडू उजव्या हातात असतो आणि घाईत तो डाव्या हाताने स्टंप काढतो. नॉटआउट. चेंडू धरलेला हात स्टंपला लावून उपटण्याची सवय सरावातच करा. थेट थ्रोने स्टंप उखडला तर तोही आउट. वेळ मिळाला तर फिल्डरने बेल परत ठेवून ती पाडली तरी चालते. अंपायरने मात्र चेंडू डेड होईपर्यंत बेल्सना हात लावायचा नाही.

वारा थांबतच नसेल तर दोन्ही अंपायर मिळून बेल्सशिवाय खेळायचं ठरवू शकतात, पण मग दोन्ही टोकांच्या बेल्स काढायच्या. त्यानंतर चेंडू स्टंपला लागला अशी अंपायरची खात्री झाली की पुरे, स्टंप पडायची गरज नाही.

ओव्हरथ्रोचा हिशोब

फिल्डरचा थ्रो भरकटून बाउंड्रीला गेला की सर्वांत जास्त वाद होतो, आणि हा हिशोब मोठमोठ्यांनाही चुकला आहे. 2019 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये न्यूझीलंडच्या गप्टिलचा थ्रो इंग्लंडच्या स्टोक्सच्या बॅटला लागून बाउंड्रीला गेला. इंग्लंडला सहा रन मिळाले. नियमाने पाच हवे होते, आणि अंपायर धर्मसेनांनी पुढे चूक मान्य केली.

हिशोब असा: पूर्ण झालेले रन, अधिक चालू रन, अधिक बाउंड्रीचे चार. चालू रन तेव्हाच धरायचा जेव्हा थ्रो हातातून सुटताना बॅट्समननी एकमेकांना ओलांडलेलं असतं. चेंडू बाउंड्रीला पोचला तेव्हाची जागा बघायची नाही. एक रन पूर्ण, दुसऱ्यासाठी पळताहेत, थ्रोच्या वेळी ओलांडलं नव्हतं: एक अधिक चार, पाच, आणि पुढचा चेंडू दुसरा बॅट्समन खेळणार. ओलांडलं असेल तर सहा, आणि स्ट्राइक पहिल्याचीच राहते. म्हणून फिल्डर थ्रो करत असताना निदान एका अंपायरची नजर बॅट्समनवर हवी. लेग अंपायरला हे मॅचआधी बजावून ठेवा.

फ्री हिट आणि बाकीचं

फ्री हिट, म्हणजे नोबॉलनंतरचा ज्यावर बोल्ड किंवा कॅच आउट धरत नाहीत तो चेंडू, एमसीसीच्या कायद्यात नाही. तो स्पर्धेचा नियम असतो, त्यामुळे द्यायचा असेल तर आधी जाहीर करा. फ्री हिटवर बोल्ड झाला म्हणून चेंडू डेड होत नाही. 2022 मध्ये मेलबर्नला पाकिस्तानविरुद्ध कोहली फ्री हिटवर बोल्ड झाला आणि त्याच चेंडूवर तीन बाय (बॅटला न लागता मिळालेले रन) पळाला. तेव्हा फिल्डरनी उड्या मारत बसू नये. फ्री हिटवर रनआउट होतो, तसाच साध्या नोबॉलवरही.

बॅट्समन कॅच आउट झाल्यावर “आम्ही क्रॉस झालो होतो, स्ट्राइक दुसऱ्याची” हा दावा आता चालत नाही. ऑक्टोबर 2022 पासून, ओव्हर संपली नसेल तर पुढचा चेंडू नवीन बॅट्समनच खेळतो.

आणखी एक. अपील नसेल तर अंपायर आउट देऊ शकत नाही. पण आउट दिलेलं नसताना बॅट्समन गैरसमजाने मंडपाकडे निघाला, आणि हे अंपायरच्या लक्षात आलं, तर डेड बॉल देऊन त्याला परत बोलावणं हे अंपायरचं काम आहे. पुढचा चेंडू खेळात येईपर्यंत ती मुदत असते, आणि डावातली शेवटची विकेट असेल तर अंपायर मैदान सोडेपर्यंत.